नानांनी चमकवलेल्या तेवीस सुऱ्या

तेवीस सुऱ्या टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत मला माझा चेहरा दिसत होता. शेजारी नाना उभे. कपाळाला दसऱ्याचं कुंकू, तोंडभर हसू.

"बघा मॅडम. पार काळवंडल्या हुत्या. नवमीच्या दिवशी तिघांनी बसून घासल्या. एक डाग ऱ्हाऊ दिला न्हाई."

सकाळचे साडेआठ वाजले होते. अकरा वाजता शेफ परेरा त्या सुऱ्या बघायला येणार होते. त्यांना मी फोनवर शब्द दिला होता की सुऱ्या काळसर दिसतील, पण गंजणार नाहीत. तो काळेपणा आणायला मी माझ्या घरच्या गॅससमोर आठ संध्याकाळी घालवल्या होत्या. नानांनी तो एका दिवसात साफ केला होता.

मी खुर्चीत बसले.

"काय झालं मॅडम? चहा सांगू?"

"सांगा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

आता हे सगळं काय प्रकरण होतं ते सांगते. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मेटलर्जीचा डिप्लोमा केलेली, साताऱ्याकडची, नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होते. मेटलर्जी म्हणजे धातूंचं शास्त्र. माझ्या आईच्या भाषेत, "पोरगी लोखंडाचा डॉक्टर हाय." आमच्याकडे कागद कापायच्या मशिनची लांब पाती बनायची. स्टील तापवून, तेलात बुडवून कडक करायचं, मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, मग ग्राइंडिंग, आणि शेवटी नानांचं बफिंग. बफिंग म्हणजे कापडाच्या फिरत्या चाकावर घासून चमक आणणं. नाना कोरेगावचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या हातून गेलेल्या पात्यात बघून कुणीही भांग पाडावा.

पण त्या वर्षांत बाहेरून स्वस्त पाती यायला लागली आणि आमचं काम आटलं. आमचे मालक बर्वे साहेब सरळ माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जाधव मॅडम, दिवाळीपर्यंत नवीन काही मिळालं नाही तर मी फिनिशिंग सेक्शन बंद करणार. नाना आणि त्यांचे दोघे मदतनीस घरी जातील. मला आवडतंय असं नाही."

मलाही ते आवडणारं नव्हतं. नानांना रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी होती, आणि त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? मग मीच डोकं चालवलं. आमच्याकडे उत्तम कार्बन स्टील होतं, ते कडक करायची विद्या होती. स्वयंपाकाच्या सुऱ्या का बनवू नयेत? मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलचे शेफ परेरा स्टेनलेसच्या सुऱ्यांना वैतागलेत असं कळलं होतं. आम्ही सहा सुऱ्या करून पाठवल्या. आठव्या दिवशी शेफ स्वतः आले आणि सुऱ्या टेबलावर टाकल्या.

"धार फर्स्ट क्लास," ते म्हणाले. वसईचा माणूस, मराठी फर्डं. "पण हे बघा."

सगळ्या सुऱ्या नारिंगी झाल्या होत्या.

"शेफ, पुसून तेल लावलं की..." मी सुरुवात केली.

"बाई, माझ्या किचनमध्ये चाळीस पोरं आहेत. कोण तेल लावत बसणार? कापायचं, धुवायचं, पुन्हा कापायचं. मला ही धार पाहिजे आणि गंज नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. संध्याकाळी मी दोन महिन्यांसाठी बाहेर चाललोय. तेव्हा ठरलं तर ठरलं, नाहीतर मी स्टेनलेसच घेऊन रडत बसतो."

म्हणजे नानांच्या नोकरीचा निकाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लागणार होता. नानांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. साहेबांनी सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही.

तर, गंज. लोखंडाला गंज एकाच तऱ्हेचा चढतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो सुटत जातो, खालचं लोखंड उघडं पडतं, ते पुन्हा गंजतं. काळा-राखाडी थर मात्र घट्ट बसतो आणि खालच्या लोखंडाला बरंचसं झाकतो. त्याला आम्ही पटिना म्हणतो. तुमच्या घरातल्या जुन्या विळीचं पातं आठवा. काळंभोर असतं, रोज कांदा-टोमॅटो कापून पाण्यात धुतलं जातं, तरी वर्षानुवर्षं टिकतं. ते पटिनामुळेच. नवीन विळी मात्र पहिल्याच आठवड्यात तांबडी होते आणि बाया दुकानदाराला शिव्या घालतात. मला हा काळा थर आठ-दहा वर्षांऐवजी आठ-दहा दिवसांत आणायचा होता. त्यासाठी आंबट काहीतरी लागतं. आंबटातलं आम्ल लोखंडाला हलकेच चावतं आणि थर धरायला लागतो.

हे काम वर्कशॉपमध्ये का केलं नाही? साहेबांना एकच कारण सांगितलं: आम्लाची वाफ बाकीच्या पात्यांना लागली तर तीही गंजतील. ते खरंच होतं. पण दुसरं कारण मी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नव्हतं. नानांनी चमकवलेली सुरी त्यांच्यासमोर काळी करायची माझी छाती नव्हती. म्हटलं, झाल्यावर सांगू. म्हातारा माणूस, त्याला हे केमिस्ट्रीचं काय कळणार!

मी तेव्हा जवळच्या बोनकोडे गावात भाड्यानं राहायची. घरमालकीण जनामावशी. त्यांची शेतं नवी मुंबई वसवताना सरकारनं घेतली होती आणि त्याच पैशांतून त्यांनी वर दोन खोल्या चढवल्या होत्या. त्यातली एक माझी. नव्या केलेल्या चोवीस सुऱ्यांचं बोचकं घेऊन मी जिना चढायला लागले तशी मावशींनी हाक मारली.

"काय गो बाय, एवऱ्या सुऱ्या? कोनाला मारतंस काय?"

मी सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आल्या. "याच्यान टाक. आमची सुरी यानंच काली झाली."

आगळ म्हणजे आंबटच. मी एक सुरी त्यात बुडवून ठेवली आणि खूश होऊन झोपले. सकाळी बघते तर पात्यावर नारिंगी पुरळ! बारीक बारीक खड्डे पडलेले. मी कपाळावर हात मारला. आगळात मीठ असतं, आणि मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मी पाच मार्कांचं उत्तरसुद्धा लिहिलं होतं.

"मावशी, आगळात मीठ असतं ना?"

"अगो, मिठाशिवाय आगल टिकंल का? तू इंजिनेर ना?"

ती सुरी मी रिजेक्टमध्ये काढली. मावशी लगेच म्हणाल्या, "वाया गेली ती मना दे. मी घासून घेते." मी देऊन टाकली. नाहीतरी मला त्यांची लोणच्याची उंच बरणी हवी होती. बरणीचं भाडं म्हणून सुरी, असा आमचा व्यवहार ठरला.

मग पद्धत बसली. सुरी साबणानं धुवायची, कोरडी करायची, आणि त्यानंतर पात्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथं थर धरत नाही. वाशीहून आणलेलं व्हिनेगर गरम करायचं, चायनीजच्या गाडीवर असतं तेच, आणि चिनीमातीच्या बरणीत ओतायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात नको, आम्ल त्यालाही खातं. सुरी मुठीपर्यंत बुडवायची. पंधरा-वीस मिनिटांत पातं राखाडी होतं. बाहेर काढून धुवायची, पुसायची, पुन्हा बुडवायची. शेवटी भरपूर पाण्यानं धुऊन, कोरडी करून खोबरेल तेलाचा हात. रोज तीन-चार सुऱ्या व्हायच्या. घरभर व्हिनेगरचा वास. समोरच्या खोलीतल्या वहिनींनी विचारलं, "लोणच्याचा धंदा काढलात का?"

आठ दिवसांत तेवीस सुऱ्या झाल्या. दोन-चार ठिकाणी माझ्याच बोटांचे ठसे फिकट उमटले होते, पण एकंदरीत काम जमलं होतं. मी त्या कागदात गुंडाळून माझ्या क्वालिटीच्या कपाटात ठेवल्या आणि नवमी-दसऱ्याला गावाला निघाले.

निघताना नाना म्हणाले, "मॅडम, तुमच्या कपाटाची किल्ली द्या की. तुमचा मायक्रोमीटर, गेज, समदं पूजंला ठेवायचं."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. कारखान्यात मशिन धुतात, पाने-हातोडे घासतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं. वर्षातला तो एक दिवस आमचं वर्कशॉप घरासारखं दिसायचं. मी किल्ली दिली. कपाटात काय आहे ते सांगितलं नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते.

आणि नानांना कपाटात काय सापडलं? स्वतःच्या हातानं चमकवलेल्या सुऱ्या, काळ्या पडलेल्या. त्यांना वाटलं, बंद कपाटात पावसाळ्याचा दमट वारा लागला. पूजेला काळं हत्यार ठेवायचं? छे! त्यांनी इमरीचा घासकागद मारला, बफ मारला, वर हळदकुंकू लावलं. हे आमच्या माणसांशिवाय जगात कोण करेल?

चहा आला. मी नानांना बसवलं आणि सगळं सांगितलं. शेफ, काळा थर, आठ संध्याकाळी. साहेबांचं दिवाळीपर्यंतचं बोलणंही सांगितलं. ते ऐकताना नानांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजी माझीच नोकरी वाचवाय तुमी ह्या काळ्या केल्या, आन् मीच घासल्या?"

"तुमची चूक नाही नाना."

"न्हाईच. मला एक शब्द सांगायचा की ओ मॅडम. तीस वर्सं लोखंडात हाय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

तेवढ्यात साहेब आले. सुऱ्या बघून म्हणाले, "वा! चकाचक!" मग माझं तोंड बघितलं. मग घड्याळ. "शेफला फोन करू?"

"ते संध्याकाळी चाललेत, साहेब."

"मग?"

उत्तर नानांनी दिलं. "मग काय, काळ्या करायच्या. मॅडम, काय काय लागतं ते बोला."

मी सांगत गेले आणि नाना मधेच थांबवत गेले. "आंबटात घालायच्या आधी बफचा साबण काढाय लागंल. त्यात मेण असतंय. तुमच्या साबणानं जायाचं न्हाई ते. चुन्याची पावडर लागंल, ती हाय माझ्यापाशी." मग, "आन् एवढ्या गुळगुळीत पात्यावर थर धरंल का? आधी इमरीच्या बारीक फिरत्या पट्ट्यावर उभ्या रेघा मारतो. पाणी मारत मारत, म्हंजी तापून पात्याचा टेम्पर, त्येचा कडकपणा, उतरायचा न्हाई."

घरी माझा थर कुठे दाट, कुठे विरळ का बसत होता, ते मला आत्ता कळलं. आठ दिवस मी मेणाशी झटत होते! या माणसाला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर एकाच संध्याकाळी काम झालं असतं.

"एक सुरी तशीच चमकती ठेवा," मी म्हणाले. "तुलनेला."

साहेबांनी स्कूटर काढली आणि मला बोनकोड्याला नेलं. व्हिनेगरची एकच बाटली उरली होती. मावशींना म्हटलं, चिंच आहे का? बिनमिठाची?

"बिनमिठाची," मावशी हसून म्हणाल्या. "शिकलीस गो बाय." त्यांनी चिंचेचा गोळा काढला, दुसरी बरणी काढली, आणि चपला घातल्या. "मी पन येते. तू पुन्हा कायतरी मीठ घालशील."

साहेबांच्या स्कूटरवर तिघं बसणार कसे? मी आणि मावशी रिक्षानं निघालो. मावशींच्या मांडीवर बरणी, आणि कमरेला फडक्यात गुंडाळलेली त्यांची सुरी. चिंच कापायला लागेल म्हणून घेतली, म्हणाल्या. चिंच कोण कापतं? पण विचारायला वेळ नव्हता.

वाफ लागू नये म्हणून बाकीची पाती ताडपत्रीखाली झाकली आणि साडेनऊला काम सुरू झालं. नाना आणि त्यांचे दोघे मदतनीस पट्ट्यावर. तिथून सुऱ्या चुन्यात, चुन्यातून पाण्यात, आणि मग स्वच्छ फडक्यात धरून माझ्याकडे. कुणीही पात्याला बोट लावत नव्हतं. नानांनी एकाला नुसतं डोळ्यांनी मागं हटवलं. एका बरणीत व्हिनेगर, दुसरीत उकळलेलं चिंचेचं पाणी. मावशी वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "ही झाली. ही नाय झाली." दहा मिनिटांत पहिली सुरी बाहेर आली. मी उजेडात धरली. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी, पावसाळी ढगाच्या रंगाची. ठसा नाही, डाग नाही. मी घरी केलेल्या एकाही सुरीला हा रंग आला नव्हता.

"कशी हाय?" नानांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा भारी."

"असणारच," नाना म्हणाले. त्यांचं हसू परत आलं.

शेफ परेरा अकराला येणार होते, ते पावणेअकराला आले. आत आले तेव्हा बावीसपैकी अठरा सुऱ्या झाल्या होत्या. चार अजून बरण्यांत. वर्कशॉपभर चिंचेचा वास, मशिनला झेंडूच्या माळा, आणि मधोमध नऊवारीतल्या मावशी. साहेब काहीतरी समजावायला पुढं झाले. शेफनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सार करताय का?"

"सुऱ्यांचं," मी म्हणाले.

ते खो खो हसले. मग गंभीर होऊन कामाला लागले. नुकतीच काळी झालेली एक सुरी घेतली आणि ती चमकती घेतली. दोन्हींनी कांदा कापला, लिंबू कापलं. धुतल्या नाहीत, पुसल्या नाहीत, तशाच ओल्या टेबलावर ठेवल्या. "आता चहा पाजा," म्हणाले.

त्या चहाची चव मला आठवत नाही. वीस मिनिटांनी चमकत्या सुरीवर डाग पडले होते आणि कडेला तांबूस रेघ दिसायला लागली होती. काळीवर पाण्याचे थेंब तसेच, पुसले तर खाली काही नाही. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेफ, हे काही चिलखत नाही. रात्रभर सिंकमध्ये टाकली तर हीसुद्धा गंजेल. पण दिवसभराचं काम सोसेल. आणि जितकी वापराल तितका थर पक्का होईल."

"वापरल्यावर कशी दिसते? तशी एखादी आहे?"

माझ्याकडे नव्हती. आठ दिवस मी नुसत्या सुऱ्या बुडवल्या होत्या, एकीनंही काही कापलं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"माजी हाय," मावशी म्हणाल्या आणि कमरेची सुरी काढली.

ती वाया गेलेली सुरी! आगळातल्या नारिंगी पुरळाची. मी तिच्याकडे परत बघितलंही नव्हतं. मावशींनी ती राखेनं घासली होती आणि तेव्हापासून रोज मासळी, कांदे, टोमॅटो सगळं तिनंच कापलं होतं. पातं निळं-काळं झालं होतं, मधे जांभळी झाक. खड्डे नीट निरखून बघितले तरच दिसत होते. शेफनी ती हातात घेतली, अंगठ्यानं धार बघितली, टोमॅटोची एक चकती कापली आणि उजेडात धरली.

"माझ्या आईची अशी होती," ते म्हणाले. "मावशी, ही मला द्या. बदल्यात नवीन दोन देतो."

"नाय देनार."

"तीन घ्या."

"तीन घेऊन काय करू? ही हाताला बसलीय माज्या." मावशींनी सुरी शेफच्या हातून काढून घेतली, पदरानं पुसली आणि परत कमरेला लावली.

शेफ बर्वे साहेबांकडे वळले. "साठ पाठवा. फिनिश या नव्या उभ्या रेघांचाच ठेवा. ही बाई आपली सुरी बदलून द्यायला तयार नाही, मला आणखी कसली टेस्ट पाहिजे?"

साहेबांनी हात पुढं केला. नाना मात्र बरण्यांकडे धावले. त्या चार सुऱ्या अजून आत होत्या, आणि त्यांचा वेळ कधीच उलटून गेला होता.

फिनिशिंग सेक्शन चालू राहिला. नाना तीन वर्षांनी तिथूनच रिटायर झाले, हार-नारळ घेऊन. त्यांच्या बफच्या मशिनशेजारी शेवटपर्यंत एक चिनीमातीची बरणी असायची. नव्या माणसाला ते पहिली गोष्ट शिकवायचे: बोट लावायचं न्हाई. मावशींची बरणी मी परत केली नाही, नवीन घेऊन दिली. त्यांनी ती चालवून घेतली, पण वर्षभर ऐकवलं.

मी नंतर बऱ्याच कंपन्या बघितल्या. कुठलीही नवी प्रोसेस सुरू करताना आम्ही एक प्रोसेस शीट भरतो. तापमान, वेळ, मटेरियल, सगळ्याचे रकाने असतात. मी त्यात खाली हातानं एक रकाना वाढवते: "कोणाकोणाला सांगितलं." पहिलं नाव पॉलिशवाल्याचं.

पुढच्या खंडेनवमीला नाना किल्ली मागायला आले. म्हणाले, "काळ्याला हात लावत न्हाई. भ्या नका. जावा गावाला."

माझा पूर्ण विश्वास होता. तरी मी गेले नाही.